चार्ज दिल्याशिवाय हलायचं नाही

हौसाक्का कुणाला आवडायची नाही. मलाही फारशी नाही. ती आणि मी दोघी सातारा जिल्ह्यातल्या, दोघींचे नवरे फौजेत, आणि नोकरी संपल्यावर दोघींनी लखनौला तेलीबागेत घर बांधलं, म्हणून शेजार. गावाकडे असतो तर मी तिच्या दारात फिरकलेही नसते.

माझी भाची पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात कामाला आहे. बाहेरदेशांतून पेशंट येतात, त्यांना विमानतळावरून आणायचं, खोली द्यायची, डॉक्टरपर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. मध्ये आली होती तेव्हा कुरकुरत होती. मधले दलाल पेशंट पळवतात, पेशंटला भाषा येत नाही, त्याचा कुणावर विश्वास बसत नाही, एकदा घरी गेला की पुन्हा तपासायला येत नाही. मी म्हटलं, हे सगळं आमच्या तेलीबागेत नव्वद सालानंतर होतंच की. फक्त विमान नव्हतं. रुपैडिह्याची एसटी होती. भाची म्हणाली, मग लिहून काढ. मी चौथी पास बाई. जेवढं येतं तेवढं लिहिते.

रुपैडिहा म्हणजे नेपाळच्या सीमेवरचं गाव. तिथून लखनौला केसरबागच्या स्टँडवर बस यायची. रायबरेली रोडला मोठं सरकारी हॉस्पिटल झालं होतं आणि त्याचं नाव नेपाळच्या डोंगरात पोचलं होतं. बसमधून माणसं उतरायची. कुणी पोट धरून, कुणी आईला पाठीवर घेऊन. त्यातली काही आमच्या गल्लीत यायची, कारण आमच्या गल्लीत हौसाक्काचं घर होतं आणि त्या घरात चार खोल्या भाड्यानं होत्या.

भाडं घ्यायची. फुकट तिनं कुणालाही ठेवलं नाही, हे आधी सांगते. पुढे हजरतगंजच्या बँकेतल्या मराठी बायका गणपतीत तिला शाल द्यायला निघाल्या होत्या, थोर समाजसेविका म्हणून. अक्का त्यांना म्हणाली, "मी भाडं खाते. शाल हॉटेलवाल्याला देता का? मग मला कशापायी?" आणि प्रसाद घेऊन निघून आली. शाल टेबलावर राहिली.

अंगानं काटकुळी. नऊवारी शेवटपर्यंत सोडली नाही, त्यामुळे गल्लीतले लोक तिला पहिली काही वर्षं मद्रासी समजत होते. सकाळी मिशेरी लावत दारात नवऱ्याच्या काळ्या ट्रंकेवर बसायची. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नवऱ्याचा फौजेतला नंबर. नवरा फौजेच्या मेडिकलमध्ये हवालदार होता, आता राहिला नव्हता. ती त्या ट्रंकेवर बसली की आत जाणाऱ्याला तिच्या गुडघ्याला लागूनच जावं लागे, आणि ती गुडघा बाजूला घेत नसे.

हिंदी सातारीच. "किधर से आया? बीमार कौन है? तू है? मग तू कशाला उभा है, बस नीचे." नेपाळी लोकांना हे कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं. रडणाऱ्यांचा तिला राग. कुणी खोलीत रडायला लागलं की बाहेरून ओरडायची, "रोने का तो आंगन में रो! कमरे में दुसरा मरीज है!" माणूस निमूट उठून अंगणात यायचा, नळाजवळ बसून रडायचा. मग ही त्याच्यापुढे चहा आदळायची. चहा देताना कधी गोड बोलली नाही.

आता चार्जचं सांगते.

फौजेत माणसाची बदली झाली की तो उठून चालायला लागत नाही. त्याच्या जागी येणाऱ्याला सगळं सामान मोजून, दाखवून, समजावून द्यावं लागतं. त्याला चार्ज देणं म्हणतात. अक्काचा नवरा बदलीच्या आधी आठवडाभर चार्ज द्यायचा, चादरी, बाटल्या, थर्मामीटर सगळं. अक्कानं ते आयुष्यभर पाहिलेलं. घरात भाडेकरू ठेवले तेव्हा तिनं तेच सुरू केलं. जो पेशंट बरा होऊन निघाला, त्याच्या माणसानं नव्या आलेल्याला चार्ज द्यायचा. स्टोव्ह कसा पेटतो, बादली कुठली, पाणी कधी येतं, इथपासून सुरुवात. मग नव्याला बरोबर घेऊन हॉस्पिटलात जायचं. ही पहिली खिडकी, इथे नाव. हा जिना. हे रक्त घेतात ते ठिकाण, इथे उपाशी यायचं का ते विचारून घ्यायचं. हा माणूस चांगला, हा दारात उभा असलेला आपण होऊन मदत करतो, त्याच्याशी बोलायचं नाही. सगळं पायानं चालून दाखवायचं. चालताना जुना पुढे, नवा मागे. ही चक्कर झाल्याशिवाय जुन्यानं घरी जायचं नाही. गेलास तर पुन्हा तपासायला येशील तेव्हा खोली मिळणार नाही.

मी एकदा म्हटलं, "अक्का, तूच का नाही नेत त्यांना? तुला तर सगळं पाठ आहे."

"मी सांगितलं तर त्यांना वाटंल घरमालकीण हाय, काहीतरी हिचं असंल त्यात. जो सोता कापून घेऊन आलाय त्यो सांगंल ते पटतं."

एवढंच. पुन्हा मिशेरी.

ह्यात एका माणसाचं नुकसान होत होतं. पप्पूबाबू. विकास नगरकडे एक खाजगी नर्सिंग होम होतं, त्याचा हा माणूस. इस्त्रीचा सफारी, तोंडात पान, बोलणं इतकं गोड की ऐकत राहावं. केसरबागच्या स्टँडवर उभा राहायचा. नेपाळची बस आली की पुढे व्हायचा, "आइए माताजी, सरकारी में तो महीनों की लाइन है, आपको तो अभी तकलीफ़ है।" पांढऱ्या व्हॅनमध्ये बसवून थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला. नव्या माणसाला काही माहीत नसतं, ह्यावरच त्याचा धंदा. आणि अक्काच्या घरातून जो एकदा चार्ज घेऊन गेला, तो गावी जाऊन चौघांना सांगायचा. मग ते चौघं स्टँडवर उतरून व्हॅनकडे बघायचे नाहीत.

एकदा पप्पूबाबू स्वतः एका माणसाला व्हॅनमधून आणून अक्काच्या दारात उतरवून गेला. नेपाळगंजचा सुतार होता. नर्सिंग होममध्ये त्याचं पोट उघडलं होतं, आत काय दिसलं देव जाणे, पुन्हा शिवलं होतं आणि सांगितलं होतं, आता मोठ्या हॉस्पिटलात जा. टाके सुटलेले. अक्कानं त्याला त्याच पावली रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी केलं ते केलं. सुतार वाचला नाही. त्याची बायको अंगणात नळाजवळ बसली होती. त्या दिवशी अक्का तिला काही बोलली नाही, चहाही दिला नाही, नुसती शेजारी बसली. मी तिला अशी बसलेली पुन्हा कधी पाहिली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पप्पूबाबू मिठाईचा डबा घेऊन आला. मी तेव्हा अक्काकडे डाळ निवडत बसले होते.

"अक्काजी, आपका घर तो मंदिर है," तो म्हणाला. "हमारे डॉक्टर साहब की इच्छा है कि इसको ठीक से गेस्ट हाउस बनाया जाए। कूलर, पलंग, टाइल, सब हमारी तरफ़ से। फ़ॉरेन के मरीज़ आएँगे। आप बस उन्हें पहले हमारे यहाँ दिखा दीजिए।"

अक्का ट्रंकेवर होती. गुडघा हलवला नाही.

"वो सुतार का नाम क्या था?" तिनं विचारलं.

"जी? कौन सुतार?"

"जिसको तू मेरे दार में फेंक के गया."

"अक्काजी, वो तो केस ही बिगड़ा हुआ..."

"नाम विचारते मी. नाम."

त्याला नाव माहीत नव्हतं. अक्का मला मराठीत म्हणाली, "सुमन, ह्याचा डबा रस्त्यावर ठिव. माझ्या उंबऱ्याच्या आत नको." मी ठेवला. पप्पूबाबूनं डबा उचलला, हसला आणि म्हणाला, "आप बड़ी हैं, नाराज़ हो सकती हैं।" असली माणसं शिवी देत नाहीत. ती वाट बघतात.

त्याला फार वाट बघावी लागली नाही, कारण पुढची चूक अक्काचीच होती.

झालं असं. मूत्रपिंडाचा एक पेशंट होता, बलरामपूरचे मिश्राजी. त्यांना डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं. निघताना त्यांनी नव्या माणसाला चार्ज दिला. स्टोव्ह, बादली, खिडकी, जिना, आणि जेवणात मीठ नाही. मिश्राजी स्वतःचं सांगत होते, की नव्यासाठी सांगत होते, त्यांनाच ठाऊक. नव्याला पित्ताचे खडे होते. त्यानं मीठ सोडलं. तो बरा झाला, त्यानं पुढच्याला दिला चार्ज, मीठ नाही. असं करत करत उन्हाळ्यापर्यंत चारी खोल्यांत अळणी स्वयंपाक सुरू झाला. बरं, माणसं बरी होत होती, त्यामुळे सगळ्यांना वाटलं मीठ सोडल्यानंच होतायत. एक दिवस अक्कानं मला आमटी दिली ती अळणी. मी म्हटलं, मीठ विसरलीस. ती म्हणाली, "हास्पिटलचा नियमच हाय तसा. पेशंटच्या घरात मीठ नको." ती स्वतःही सोडून बसली होती!

लखनौचा जेठ महिना. लू म्हणजे गरम वारा सुटतो, अंगातलं पाणी सगळं घामावाटे जातं. बिहारकडची एक बाई होती, नवऱ्याबरोबर आलेली, स्वतः धडधाकट. तिला जुलाब लागले आणि ती अंगणात पडली. डोळे फिरले, दातखीळ बसली. हॉस्पिटलात नेली. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती, तिनं विचारपूस केली, काय खाल्लं, काय प्यायलं. मग नवरा म्हणाला, आमच्याकडे मीठ मना आहे. "किसने मना किया?" तर म्हणे, चार्ज में मिला है।

बाई वाचली. वाचली नसती तर हे मी लिहायला घेतलं नसतं.

संध्याकाळी ती डॉक्टरीणबाई ड्यूटी संपवून पांढऱ्या कोटातच आमच्या गल्लीत आली. दारात उभी राहून अक्काला जे बोलली ते गल्लीनं ऐकलं. आप डॉक्टर हैं क्या? किसने हक़ दिया आपको? एक औरत मर जाती आज. अक्का ट्रंकेवरून उठली. मी तिला कुणासाठी उठताना पाहिलं नव्हतं. उभी राहिली, सगळं ऐकलं. डॉक्टरीणबाईंचा दम संपला तेव्हा म्हणाली, "हां. गलत हुआ. मेरे घर में हुआ, मेरा गलत."

मी म्हटलं आता हिचा चार्ज बंद. दुसरी कुणी असती तर केलाच असता. सकाळी तिनं सगळ्यांना अंगणात उभं केलं, पेशंटसुद्धा, ज्याला उभं राहता येईना त्याला माझ्या खुर्चीवर. म्हणाली, "रस्ता बताने का. खिडकी बताने का. आदमी बताने का, कौन चोर कौन अच्छा. दवा, गोली, खाना, नमक, ये चार्ज में नहीं. कोई पूछा तो बोलने का, डॉक्टर को पूछो, हमको नहीं मालूम. बोलो."

कुणी बोलेना. मोठ्या माणसांना शाळेत घातल्यासारखं वाटलं.

"बोलो म्हणते ना!"

मग एकेकानं म्हटलं. डॉक्टर को पूछो, हमको नहीं मालूम। ज्यानं पुटपुटत म्हटलं त्याला पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी मलाही म्हणायला लावलं, मी भाडेकरू नसताना. तेव्हापासून चार्ज त्याच वाक्यावर संपायचा. अक्का नव्या माणसाला परत आल्यावर मुद्दाम विचारायची, "और नमक?" त्यानं बरोबर उत्तर दिलं की मगच किल्ली.

पण गोष्ट बाहेर गेली होती आणि पप्पूबाबूच्या कानावर गेली होती. त्यानं खोटं काही सांगितलं नाही. स्टँडवर एवढंच सांगायचा, "तेलीबाग वाली बुढ़िया के यहाँ मत जाइएगा, बीमार को नमक तक नहीं देती। एक औरत गिर गई थी, पूछ लीजिए।" विचारलं तर खरंच निघत होतं. पावसाळा संपेपर्यंत घर रिकामं होत गेलं. जुने गेले, नवे येईनात. एक खोली रिकामी, मग दुसरी, मग तिसरी. अक्का रोज सकाळी त्या झाडायची, बादल्या पालथ्या घालायची आणि ट्रंकेवर येऊन बसायची.

उरलं एक जोडपं. बलबहादूर आणि त्याची बायको दिलमाया. तो नेपाळी पलटणीतला पेन्शनर, पांढऱ्या मिशांचा, सरळ पाठीचा. पोटाचं मोठं ऑपरेशन दिलमायाचं झालं होतं. महिनाभर दोघं होती, आता तिचे टाके निघाले होते, डॉक्टरनं जायला सांगितलं होतं. दसरा तोंडावर आलेला. नेपाळात दसरा म्हणजे सगळ्यात मोठा सण, मुलं सुना घरी वाट बघत.

बलबहादूर सामान बांधून अक्कासमोर आला. "अक्काजी, चलते हैं।"

"चार्ज?"

"किसको दूँ? कोई आया ही नहीं।"

"फौज में ऐसा बोलता था क्या? रिलीव्हर नहीं आया तो ड्यूटी छोड़ के जाता था?"

दुसरा कुणी असता तर अक्काला वेड्यात काढून निघून गेला असता. ह्यानं सामान खाली ठेवलं. मग आतून दिलमायाचा आवाज सुरू झाला. नेपाळीत होता, मला शब्द कळले नाहीत, पण नवऱ्याला काय म्हणत असेल ते कुठल्याही बाईला कळेल.

मी अक्काला दोन गोष्टी ऐकवल्या. म्हटलं, "लाज नाही वाटत? बाई मरता मरता वाचलीय, तिला सणाला घरी जाऊ दे. घर रिकामं झालं तर झालं. तुला नवऱ्याची पेन्शन आहे."

"पेन्शनसाठी करते व्हय मी?" ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "हे दोघं गेलं की ह्या घरात सांगणारं कुणी ऱ्हात न्हाय. मग कुणी आलं तर त्याला कोण सांगंल? मी? माझं कोण ऐकंल, नमकवाल्या बुढियाचं? ही साखळी तुटली की मग व्हॅनच हाय सगळ्यांना. त्यो सुतार आठव."

मी आठवला.

तर रोज सकाळी ही मिरवणूक निघायची. अक्का, बलबहादूर आणि मागून तोंड फुगवलेली दिलमाया टेम्पोत बसून केसरबागला. मीही दोनदा गेले. बस यायची, माणसं उतरायची, पप्पूबाबू पुढे व्हायचा. अक्कानं हाक मारली की तो मोठ्यानं म्हणायचा, "अरे, यही हैं वो, नमक वाली।" लोक तिच्या नऊवारीकडे बघून लांब व्हायचे. बलबहादूर समजावायला जायचा तर पप्पूबाबू म्हणायचा, "कमीशन कितना मिलता है बाबा?" कमिशनवाल्यानं त्याला कमिशनवाला म्हणायचं!

दुसऱ्यांदा मी गेले त्या दिवशी बसमधून एक मास्तर उतरला, डोंगराकडच्या कुठल्याशा शाळेतला, बरोबर त्याची म्हातारी आई. तिचं पोट फुगलेलं, पाय सुजलेले. पप्पूबाबूनं व्हॅनचं दार उघडूनच ठेवलं होतं. मास्तरच्या हातात चकचकीत कागद दिला, त्यावर कारंज्याचं चित्र. "सरकारी में लाइन इतनी लंबी है कि माताजी..."

"लंबी है!" अक्का मध्येच ओरडली. "सच बोलता है वो. लाइन लंबी है. बैठना पडता है, खडा रहना पडता है, डॉक्टर चिल्लाता भी है. मैं झूठ नहीं बोलती."

मास्तर गोंधळला. दलालासारखी ती बोलत नव्हती. पण त्याचा एक पाय व्हॅनकडे होताच.

"इनके यहाँ एक औरत को नमक..." पप्पूबाबू म्हणाला.

"हुआ," अक्का म्हणाली. "वो भी सच."

मला वाटलं संपलं. तेवढ्यात दिलमाया पुढे आली. इतके दिवस मागे मागे राहणारी, घरी जायचं म्हणून रुसलेली बाई. तिनं मास्तरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या आईसमोर जाऊन उभी राहिली आणि भर स्टँडवर, हमाल, कंडक्टर, चहावाले बघत असताना, पोटावरचा पदर बाजूला केला. बरगडीपासून खाली गेलेला टाक्यांचा वण, अजून लालसर. तिनं म्हातारीचा हात धरला आणि त्या वणावर ठेवला. नेपाळीत चार वाक्यं बोलली. मग वळून पप्पूबाबूला हिंदीत म्हणाली, "तुम भी ऐसा एक मरीज़ दिखाओ। जो ठीक होके यहाँ खड़ा हो। लाओ।"

पप्पूबाबूच्या तोंडात पान होतं. ते त्यानं व्हॅनच्या चाकाशी थुंकलं.

म्हातारीनं वणावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, कापडाची शिवण बघावी तसं. मग मुलाला काहीतरी म्हणाली आणि व्हॅनला वळसा घालून आमच्या टेम्पोकडे चालायला लागली. मास्तर कागद हातात घेऊन तिच्या मागे.

टेम्पोत अक्का दिलमायाच्या शेजारी बसली होती. वाटलं, आता तरी एखादा चांगला शब्द बोलेल. म्हणाली, "पदर नीट कर. हवा लागंल टाक्यांना." दिलमायाला मराठी येत नव्हतं. तिनं पदर नीट केला.

दुसऱ्या दिवशी बलबहादूरनं मास्तरला चार्ज दिला. पूर्ण चक्कर, फौजी पद्धतीनं, प्रत्येक खिडकीपुढे थांबून. त्याच दिवशी दोघं रुपैडिह्याच्या बसनं गेली. दसऱ्याला पोचली की नाही, ठाऊक नाही. मास्तरची आई दोन महिने राहिली. मास्तरनं पुढच्याला दिला, त्यानं पुढच्याला. होळीपर्यंत खोल्या भरल्या. पप्पूबाबू स्टँडवर उभा राहायचाच, त्याचा धंदाही चालूच राहिला. अक्कानं नर्सिंग होम बंद पाडलं असं कुणाला वाटायला नको. तिनं फक्त स्वतःचं घर बंद पडू दिलं नाही.

पुढची काही वर्षं अशीच गेली. मग अक्काच्या गळ्याला गाठ आली. तिनं ती पदराखाली लपवली. मी एकदा पाहिली, म्हटलं हे काय, तर म्हणाली, डास चावला. पुण्याहून तिच्या मुलाचे फोन यायला लागले. इकडे ये, मोठं हॉस्पिटल आहे, खोलीत टीव्ही आहे. ती म्हणाली, "टीव्ही बघायला यीन की बरी व्हायला? मला हितली रांग ठाव हाय."

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. घर मुलानं विकलं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. हॉस्पिटलात मी तिला नंतर पाहिलं, पण नळ्या लावलेलं माणूस म्हणजे ते माणूस नव्हे. माझ्या डोळ्यांसमोर आहे ती ज्या दिवशी ती पहिल्यांदा पेशंट म्हणून निघाली, त्या सकाळची.

चौथ्या खोलीत सिद्धार्थनगरकडची एक बाई होती, नवऱ्याला घेऊन आलेली, त्या दिवशी घरी निघालेली. अक्का बाहेर आली, हातात बादली, बादलीत लुगडं आणि ताटली. मी म्हटलं, चल मी येते बरोबर. ती म्हणाली, "तू कोण? तुझं काय कापलंय कधी?" आणि त्या बाईपुढे उभी राहिली.

"चार्ज दे."

बाई घाबरली. "अक्काजी, आपको? आपको तो सब..."

"नया मरीज है मैं. दे."

मग त्या बाईनं सुरू केलं. पहिली खिडकी इधर. जीना उधर. रक्त का कमरा. दरवाज़े पर जो आदमी अपने आप मदद करे, उससे बात नहीं। अक्का मान हलवत ऐकत होती, एका शब्दाला अडवलं नाही. सगळं झाल्यावर तिनं विचारलं,

"और नमक?"

"नमक डॉक्टर से पूछिए, अक्काजी," ती बाई म्हणाली. "हमको नहीं मालूम।"

अक्कानं मिशेरी थुंकली, बादली उचलली. मी हात पुढे केला, तिनं दिली नाही. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. ती बाई पुढे चालली होती आणि हौसाक्का तिच्या एक पाऊल मागे.